जगाच्या पोलिसांना आपण काय शिकवणार?

डिचोलीकर

काल एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याची पोस्ट माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आली. म्हणणं असं: गोव्याने पन्नास वर्षं परदेशी गुन्हेगार हाताळलेत, तेव्हा आफ्रिकेतल्या आणि बेटांवरच्या छोट्या देशांच्या पोलिसांना देशोदेशी पसरलेल्या टोळ्यांशी कसं लढायचं याचा सल्ला द्यायला आपले अधिकारी पाठवावेत, आणि त्यासाठी गोव्यातच एक अकादमी काढावी. खाली लोकांनी रांगेने हात जोडलेत. माझे काही जोडले गेले नाहीत, म्हणून हे लिहितोय. लांबेल.

हाताळले म्हणजे नेमकं काय केलं? तिहार तुरुंगातून पळालेला खुनी चार्ल्स शोभराज पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात सापडला, 6 एप्रिल 1986 ला. धरला कोणी? मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी. तेही कुणाचं व्याख्यान ऐकून नाही. 1971 मध्ये त्याच माणसाला त्यांनी एकदा पकडलं होतं, तोंड ओळखीचं होतं. आपण काय केलं, तर हॉटेलात पुतळा बसवला, तोही शोभराजचा! पुढे 2010 मध्ये अमली पदार्थविरोधी पथकातलेच पोलीस ड्रग्जवाल्यांशी साटंलोटं असल्याच्या आरोपावरून आत गेले आणि प्रकरण सीबीआयकडे द्यावं लागलं. हा धडा अकादमीत पहिल्या तासाला घेणार की दुसऱ्या?

बरं, सल्ल्याच्या धंद्यातल्या थोरल्यांचं तरी काय झालं? अमेरिकेने मेक्सिकोच्या पोलिसांवर पैसा, हेलिकॉप्टरं, प्रशिक्षणं, सगळं ओतलं. तिथला त्यांचा भरवशाचा माणूस म्हणजे गेनारो गार्सिया लुना, 2006 ते 2012 सुरक्षामंत्री. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्याच कोर्टात सिद्ध झालं की हा गृहस्थ सिनालोआ कार्टेल या तिथल्या ड्रग्जच्या टोळीकडून लाच खात होता. पुढच्या वर्षी 38 वर्षांहून जास्त शिक्षा झाली. इतकी वर्षं त्याच्यासमोर बसून ज्यांनी सल्ला दिला त्यांना समोरचा माणूस कळला नाही. आणि आम्ही निघालो शिकवायला.

मंगेशीची मीना

डिचोलीकर, तुमची चीड समजते, पण तुम्ही सगळं एकाच माळेत ओवलंत.

माझी आत्या सीआरपीएफमध्ये होती. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारताची फक्त महिलांची पोलीस तुकडी लायबेरियात होती ना, 2007 ते 2016, त्यात ती एक वर्ष होती. मोन्रोव्हियात रात्रीची गस्त घालायच्या. आत्या म्हणते, तिथल्या पोलिसातल्या एका मुलीने तिला पहिला प्रश्न काय विचारला असेल? हेल्मेटच्या आत अंबाडा कसा बसवता? आत्याने तिथेच जीपच्या आरशात बघून घालून दाखवला. पुढच्या आठवड्यात चौघीजणी आल्या. व्याख्यान नाही, स्लाइड नाहीत. याला तुम्ही सल्ला म्हणणार की नाही?

आणि "निघालो शिकवायला" काय, शिकवणं कधीचंच चालू आहे. मालदीवच्या अड्डूमध्ये पोलीस कॉलेज भारताने बांधून दिलं, 2022 ला उद्घाटन झालं. गुन्ह्याचे पुरावे तपासायला शिकवणाऱ्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाचा एक कॅम्पस आपल्या फोंड्यात आहे, एक युगांडातल्या जिंजाला. घरासमोरून विद्यापीठाची बस जाते आणि आपण विचारतो विद्यापीठ कुठे आहे!

तारवटी

एकोणीस वर्षं बोटीवर काढली, म्हणून मधे बोलतो. दक्षिण अमेरिकेतलं बंदर सोडायच्या आधी पाणबुडे खाली उतरतात. बोटीच्या बुडाला समुद्राचं पाणी आत घ्यायची जाळी असते, तिच्या आत कोकेन बांधून ठेवतात. बोटीवरच्या एकालाही पत्ता नसतो. युरोपात पोचल्यावर दुसरे पाणबुडे येऊन काढून नेणार. मधल्या वीस दिवसांत माल कस्टमच्या हाती लागला तर तुरुंगात कोण? आम्ही. एकदा आम्हाला अठ्ठावीस तास धक्क्यावर उभं ठेवलं होतं, माझ्या केबिनमधली खारवलेल्या बांगड्यांची बरणीसुद्धा उलटी करून बघितली.

त्या वेळी तिथल्या अधिकाऱ्यासोबत एक परदेशी सल्लागार होता. गप्प उभा. शेवटी त्याने फक्त फोन काढून युरोपातल्या बंदरात कुणाला तरी नावाने हाक मारून विचारलं, आणि दहा मिनिटांत आम्ही सुटलो. मला विचाराल तर सल्लागाराचा उपयोग एवढाच. दोन बंदरांतली दोन माणसं एकमेकांना नावाने ओळखली पाहिजेत.

पणजीचा मास्तर

मेक्सिको सांगितलंत, ग्वाटेमाला का गाळलंत? तिथे संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने 2007 पासून एक आयोग बसला. परदेशी वकील आणि तपास अधिकारी, पण खटले स्थानिक सरकारी वकिलांच्या मांडीला मांडी लावून चालवायचे. 2015 मध्ये कस्टम्सच्या घोटाळ्यात खुद्द राष्ट्राध्यक्षाला, ओतो पेरेस मोलिनाला, राजीनामा द्यावा लागला. परदेशी सल्ला लागू पडतो, फक्त तो देणाऱ्याला तिथे वर्षानुवर्षं बसावं लागतं. आठवड्याच्या कोर्सने कोणतीही टोळी मोडत नाही.

डिचोलीकर

मास्तर, पुढचं पान तुम्हीही उलटलं नाहीत. त्याच आयोगाची चौकशी पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या दारात पोचली आणि 2019 मध्ये आयोगाचं बोचकं बांधून त्याला घरी पाठवलं. म्हणजे सल्ला लागू पडला म्हणूनच हाकलला. धन्यवाद, माझाच मुद्दा झाला.

शिवोलीकर

तुमचं लायबेरिया-ग्वाटेमाला चालू द्या. मी आपला पंचाचा अनुभव सांगतो.

2016, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. रात्री साडेदहाला मी औषध घेऊन घरी येत होतो. पोलिसांनी गाडी थांबवली, मला वाटलं लायसन्स बघणार. म्हणाले, "बाब, पाच मिनिटं पंच म्हणून या." पाच मिनिटं म्हणजे पहाटेचे सव्वातीन. खोलीत एक परदेशी आणि त्याच्यासोबत आपल्याच गावचा एक पोरगा. माल सापडला, आता वजन करायचं तर पोलिसांच्या काट्याची बॅटरी संपलेली. मग कुणाला तरी पाठवून एका सोनाराला उठवून त्याचा काटा आणला. आदल्या दिवशी दसरा, काट्याला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची पाकळी. त्याच काट्यावर चरस मोजला. मग मेणबत्तीवर लाख वितळवून पाकिटांना सील. लाखेचा थेंब माझ्या अंगठ्यावर पडला, डाग अजून आहे. सह्या अकरा. पंचनामा इंग्रजीत, वाचून दाखवला कोकणीत, मला शाळेत शिकवलं मराठी.

साक्ष निघाली सहा वर्षांनी. परदेशी तोवर जामिनावर सुटून गायब, आरोपीच्या पिंजऱ्यात उरला गावचा पोरगा. बचावाच्या वकिलाने विचारलं, "काट्यावर काही होतं का?" खोटं कशाला बोलू? म्हटलं, हळदकुंकू. "म्हणजे ते वजनात धरलंत?" सगळं कोर्ट हसलं. मी मान खाली घालून उभा, जसा काही गुन्हा मीच केलाय.

आता सांगा, युगांडाला काय शिकवणार? काट्याला कुंकू कुठे लावायचं ते?

निवृत्त हवालदार

शिवोलीकर, गोष्ट छान सांगितली, पण काटा चालू केला की आकडा शून्यावर आणतात. हळदकुंकू त्यातच गेलं. वकिलाने तुम्हाला बनवलं आणि तुम्ही बनलात.

म्हापशाची वकीलबाई

हवालदारसाहेब, शून्यावर आणला हे पंचनाम्यात लिहिलं होतं का? लिहिलं नसेल तर कोर्टापुरतं ते झालंच नाही. सोनाराच्या काट्यावर वजनमापे खात्याचा त्या वर्षाचा शिक्का होता का? सोनाराला साक्षीला बोलावलं का? चरसाचं व्यावसायिक प्रमाण, म्हणजे जिथून जबर शिक्षा लागते ते वजन, एक किलो, तिथे चिमूटभर कुंकू चालून जाईल. पण एमडीएमए या पार्टीतल्या ड्रगचं 10 ग्रॅम. साडेदहाला किमान दहा वर्षांचा तुरुंग, साडेनऊला ते किमान लागत नाही.

निवृत्त हवालदार

बाई, रात्री दोन वाजता, वीज गेलेली, एका हातात टॉर्च, बाहेर आरोपीचे दोस्त जमलेले. तेव्हा वजनमापेवाल्याला उठवू? तुम्ही एसीत बसून आमच्या पंचनाम्यात चुका शोधायची फी घेता. मी एकतीस वर्षं खाकी घातली. सगळे पोलीस चोर असं म्हणायचं असेल तर सरळ म्हणा.

म्हापशाची वकीलबाई

आमच्या कोर्टात एसी बंद असतो, या एकदा. आणि पोलीस चोर असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा.

डिचोलीकर

धागा काट्यावर अडकला. मूळ विषय परदेशी पोलिसांना सल्ला हा होता, आठवण करून देतो.

मंगेशीची मीना

राहू दे हो, काटाच बरा आहे. पण शून्यावर आणल्यावर कुंकू सांडलं तर? मग आकडा उणे दाखवेल ना?

निवृत्त हवालदार

कमीच दाखवेल. म्हणजे फायदा आरोपीचा. लिहून घ्या, वकीलबाई.

म्हापशाची वकीलबाई

घेतलं. आता विषयावर येते, नाहीतर डिचोलीकर धागा बंद करायचे.

माझा राग वेगळा आहे. सल्ला द्यायला सगळे देश पुढे, माणूस द्यायची वेळ आली की पाठ. मडगावचं फ्रेडी पीट्स प्रकरण इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. 1991 ला पकडला, 1996 ला जन्मठेप, अनाथाश्रमाच्या नावाखाली मुलांच्या लैंगिक शोषणाचा धंदा. त्याची परदेशी गिऱ्हाइकं आपापल्या देशात होती. त्यातल्या एकाला ब्रिटनकडे मागितलं, तर 2014 मध्ये लंडनच्या कोर्टाने नकार दिला, कारण आरोपीला स्मृतिभ्रंश. गोव्यातली ती मुलं आज चाळिशी-पन्नाशीची आहेत, त्यांना विसरायची सोय नाही. आणि त्याच देशांचे तज्ज्ञ बालकांच्या तस्करीवर कार्यशाळा घेतात, दुपारच्या जेवणासकट.

पणजीचा मास्तर

पण पोर्तुगालने अबू सालेम दिलाच की, 2005 ला.

म्हापशाची वकीलबाई

दिला, पण अट घालून. फाशी नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. 2022 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो शब्द पाळावा लागेल असं सांगितलं, तेव्हा टीव्हीवर केवढा आरडाओरडा! मला विचाराल तर गोव्याहून परदेशी पोलिसांना शिकवण्यासारखं हेच आहे. दुसऱ्या देशाला दिलेला शब्द पाळला नाही तर पुढचा सालेम मिळत नाही.

डिचोलीकर

हे मान्य. नाइलाजाने, पण मान्य. तारवट्याचा फोन आणि तुमचा शब्द, दोन्हींत अकादमी कुठे आली नाही हेही नोंदवून ठेवतो.

निवृत्त हवालदार

अकादमीला माझाही विरोध आहे, पण तुमच्या कारणासाठी नाही. असल्या कोर्सना पाठवतात कोणाला? ज्याची वर्षाने बदली होणार त्याला. मी किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात असताना आमचे एक साहेब परदेशी तज्ज्ञांचा कोर्स करून आले, पैशाचा माग कसा काढायचा त्याचा. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, चार महिन्यांत साहेब वाहतूक शाखेत. सर्टिफिकेट मात्र भिंतीवरच राहिलं. आम्ही त्याच्यामागे चाव्या टांगायचो.

तारवटी

हवालदारकाका, लाइक नाही, पाय धरतो.

मंगेशीची मीना

आता सगळे एकमेकांना मान्य करायला लागले, याचा अर्थ रात्र फार झाली. माझं म्हणणं तिथेच आहे, तुकडी पाठवा, व्याख्याते नको. आत्याला अजून लायबेरियातून ईस्टरला मेसेज येतो.

डिचोलीकर

मीनाताई, अंबाड्याचा कोर्स मंजूर. शिवोलीकरांच्या काट्याचाही ठेवू, विषय "आमच्या हातून काय काय चुकलं". तसला कोर्स असेल तर मी स्वतः वर्गणी देतो, पण तो काढायला कोणाची छाती होणार नाही.

म्हापशाची वकीलबाई

1 जुलै 2024 पासून झडतीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं झालंय, आता कुंकूसुद्धा दिसेल. मोबाइलची बॅटरी संपली नाही तर.

शिवोलीकर

तुमचं सगळं मिटलं असेल तर माझं एक काम आहे. त्याच केसमध्ये मला परत बोलावलंय, शुक्रवारी. माझी उलटतपासणी म्हणे अर्धवट राहिली होती. सकाळची कदंबा बस भरून येते, शिवोलीला थांबत नाही. म्हापशाला कोणी जाणार आहे का?

निवृत्त हवालदार

शुक्रवारी मी बाजाराला जातोच. नऊला तिठ्यावर थांबा. हेल्मेट तुमचं आणा, माझ्याकडे एकच आहे. आणि काटा शून्यावर आणला होता की नाही, ते जाताना नीट आठवून सांगा मला.