१५ हजारांत जुना डेस्कटॉप आणि लिनक्स मिंट: घरच्या रोजच्या कामाला चालेल का?

सायंतारा
नमस्कार मंडळी. घरासाठी डेस्कटॉप घ्यायचा आहे, मॉनिटरसकट १५ हजारांत. बाबांचं बँकेचं काम आणि पीडीएफ, बहिणीचे बारावीचे ऑनलाइन वर्ग आणि सीईटीचे फॉर्म, माझं मराठी टायपिंग, एवढाच वापर. रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स मिळतोय: आय५-६५००, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. दुकानदार 'विंडोज ११ टाकून देतो' म्हणतो. त्याऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी का? प्रिंटर कॅनन एलबीपी २९०० आहे, तो बदलायची इच्छा नाही.

सर्किट
ताई, आय५-६५०० हा सहाव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर येतात, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. दुकानदार ती तपासणी चुकवून विंडोज टाकून देईल, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. बँकेचं काम ज्या मशीनवर होणार, तिथे माझं मत सरळ मिंटच्या बाजूने.

मात्र त्या जुन्या हार्डडिस्कवर मिंटसुद्धा रखडेल. आधी २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून घ्या. या मशीनच्या वेगात सगळ्यात मोठा फरक तिनेच पडतो, प्रोसेसर पुरेसा आहे. जुनी डिस्क फोटोंसाठी ठेवायची तर 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीची नोंद) उघडा. 'पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे भाग) शून्यापेक्षा जास्त दिसले तर त्या डिस्कवर काहीही ठेवू नका. पुढे रॅम वाढवणार असाल तर मॉडेल नंबर बघूनच घ्या. सहाव्या पिढीच्या काही ऑप्टिप्लेक्सना डीडीआर३एल लागते, काहींना डीडीआर४, आणि एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

पैसे देण्याआधी दुकानातच चाचणी करा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर एचर नावाच्या प्रोग्रॅमने मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवून न्या, मशीन सुरू होताना एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडा. काहीही इन्स्टॉल न करता मिंट सुरू होतं. आवाज, सगळे यूएसबी पोर्ट, मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि झोपवून पुन्हा उठवणं, एवढं तपासा. घड्याळात जुनी तारीख दिसली तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो बदलला नाही तर वीज गेली की तारीख मागे जाईल आणि ब्राउझर बँकेची साइट 'असुरक्षित' म्हणून अडवेल.

या डेस्कटॉपमध्ये बहुधा वायफाय नसतं. डोंगल घेताना चिप विचारा. मीडियाटेक एमटी७६०१यू चा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो; स्वस्तातल्या काही रिअलटेक चिपांचा वेगळा टाकावा लागतो आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला की कधीकधी तो बंद पडतो. तोवर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचंच इंटरनेट वापरा, चटकन चालतं.

देवनागरीकर
मराठीसाठी: सेटिंग्ज > कीबोर्ड > लेआउट्समध्ये 'मराठी एनहान्स्ड इनस्क्रिप्ट' जोडा. इनस्क्रिप्ट (मराठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) येत नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन हे टायपिंगचं साधन घ्या, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडून लॉग आउट करा. मग इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचं मराठी आयट्रान्स किंवा फोनेटिक दिसेल.

लिबरऑफिसमध्ये मराठी अक्षराचा आकार बदलत नाही, ही तक्रार नेहमीची. देवनागरीचा फाँट तिथे वेगळा धरला जातो. टूल्स > ऑप्शन्स > लँग्वेजेसमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल) चालू करा, नंतर रायटरच्या 'बेसिक फाँट्स सीटीएल'मध्ये नोटो सॅन्स देवनागरी ठरवून द्या.

दोन ठिकाणी अडेल. मंगल फाँट विंडोजसोबत येतो, मिंटमध्ये नसतो. त्यामुळे मंगलमधली वर्ड फाइल उघडली की दुसरा फाँट लागतो आणि पानं सरकतात. बाहेर द्यायचं ते पीडीएफ करूनच द्या. आणि श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये) टाइप केलेल्या जुन्या फाइली असतील तर त्या आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्या. तो फाँट मिंटमध्ये टाकून वाचता येईल, पण टाइप करायला लागणारा कीबोर्ड ड्रायव्हर विंडोजचाच आहे.

टोनर
खरी अडचण प्रिंटरची आहे. एलबीपी २९०० ला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या नेहमीच्या भाषा कळत नाहीत, कॅननची कॅप्ट ही बंदिस्त भाषाच कळते. कॅननचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे, त्याला ३२ बिटच्या लायब्ररी लागतात आणि सीसीपीडी नावाची सेवा सतत चालू लागते. प्रिंटर संगणकानंतर चालू केला की ती सेवा त्याला ओळखत नाही, मग काम रांगेत पडून राहतं. स्वयंसेवकांनी लिहिलेला कॅप्टड्रायव्हर आहे, पण तो सहसा स्वतः कंपाइल करावा, म्हणजे मूळ कोडपासून बांधून घ्यावा लागतो. घरच्यांच्या भरवशावर सोडण्यासारखा नाही.

सायंतारा
मग प्रिंटर विकून टाकू का? की रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेतला तर हा प्रश्न सुटतो?

टोनर
पायने उलट वाढतो. तो एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालतो, आणि कॅननचा तो ड्रायव्हर इंटेल-एएमडीसाठीच बांधलेला आहे. शिवाय पाय एसडी कार्डवरून चालवला आणि लिहिणं चालू असताना वीज गेली, तर कार्डावरचा डेटा बिघडू शकतो. लोडशेडिंगच्या गावात यूपीएसशिवाय तो घेऊ नका.

प्रिंटर विकता आला तर उत्तम. एप्सनच्या एल मालिकेतले टाकीवाले बहुतेक प्रिंटर एस्कपीआर ड्रायव्हरवर चालतात. ब्रदर आपल्या बऱ्याच लेझरसाठी डेब फाइल (मिंटमध्ये थेट इन्स्टॉल होणारी) देतो. 'एअरप्रिंट' लिहिलेल्या मॉडेलला सहसा ड्रायव्हरच लागत नाही. वापरलेला एचपी लेझरजेट १०२० कोणी स्वस्तात देऊ केला तर एवढं ध्यानात ठेवा: तो चालू केला की दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर (प्रिंटरचा आतला प्रोग्रॅम) मागतो, म्हणून एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत त्याचा प्लगइनही टाकावा लागतो.

सर्किट
आणखी एक, बहिणीसाठी. सीईटीचा फॉर्म फायरफॉक्समध्ये भरता येईल. पण कॉलेज किंवा क्लास कॅमेऱ्याच्या देखरेखीतली परीक्षा घेत असेल तर त्यांचं सॉफ्टवेअर कोणतं ते आधी विचारा. परीक्षेपुरता संगणक बंदिस्त करणारा सेफ एक्झाम ब्राउझर लिनक्सवर चालत नाही. बाबांकडे डिजिटल सहीचं टोकन असेल तर टोकनचा ड्रायव्हर आणि त्या पोर्टलचं सही करायचं सॉफ्टवेअर, दोन्ही लिनक्ससाठी हवेत. यातलं काही लागत असेल तर दुकानदाराकडून विंडोज टाकलेली जुनी हार्डडिस्क तशीच घ्या, तिची केबल काढून ठेवा आणि मिंट फक्त एसएसडीवर टाका. इन्स्टॉल झाल्यावर केबल परत जोडली की एफ१२ ने हवी ती डिस्क निवडता येते, एकीचं बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) दुसरीवर चढत नाही. बँकेचं काम मात्र मिंटमधूनच करा.