मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर बाबांची सुधारणा नक्की कशी मोजायची?

नमस्कार. बाबा ६८ वर्षांचे. सात आठवड्यांपूर्वी पहाटे उजवा हात एकदम लुळा पडला, तोंड वाकडं आणि बोलायला जातायत पण शब्दच फुटेना. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या नसेत गुठळी होती, जांघेतून कॅथेटर घालून काढली (थ्रोम्बेक्टॉमी). रिपोर्टवर टीआयसीआय ३ आहे, म्हणजे रक्तपुरवठा पूर्ण सुरू झाला. एनआयएचएसएस स्कोअर (स्ट्रोक किती तीव्र आहे त्याचा, कमी तितका चांगला) अ‍ॅडमिट करताना १६ होता, डिस्चार्जला ४.

आता सगळे म्हणतात केवढी छान रिकव्हरी, आणि चालतात खरंच नीट. पण शर्टाची बटणं अजून आई लावते, बाबा एकेका बटणाशी पाच पाच मिनिटं झटतात मग हात खाली सोडतात आणि काही बोलत नाहीत. चहा हवा असला की पाणी म्हणतात, मला आत्याच्या नावाने हाक मारतात आणि चुकलं हे त्यांना लगेच कळतं, ते बघवत नाही हो. मग हा ४ नक्की कशाचा? ९० दिवसांच्या तपासणीला काय विचारू? घरी काही मोजता येईल का?

उत्तर: ताई, मी फिजिओ आहे. टीआयसीआय सांगतो नस किती उघडली, मेंदू किती सावरला ते नाही. एनआयएचएसएसमध्ये हाताच्या ताकदीसाठी हात दहा सेकंद वर धरता येतो का एवढंच बघतात, बोटांचं काम त्यात नाहीच. ९० दिवसांना एमआरएस स्कोअर काढतील, ० ते ६ (० म्हणजे काहीच त्रास नाही), तो रोजच्या व्यवहाराचा अंदाज. तुम्ही हाताची फ्युगल-मायर टेस्ट (६६ पैकी) आणि स्पीच थेरपिस्टकडून भाषेची तपासणी दोन्ही मागून घ्या. घरी दर रविवारी, एकाच वेळेला, तीन बटणांना किती सेकंद लागतात ते लिहा आणि एका मिनिटात भाज्यांची नावं सांगायला लावा. आणि ते गप्प गप्प असतात हे डॉक्टरांना नक्की सांगा, स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला डिप्रेशन येतं आणि त्यावर औषध आहे. ९० दिवसांनंतरही सुधारणा होते, थेरपी थांबवू नका.

धागाकर्ती: खूप खूप आभार दादा. आज केलं. तीन बटणं, २१० सेकंद. भाज्या वांगं, बटाटा, मेथी, परत वांगं. दुसरं वांगं मोजायचं का?