पार्किंगच्या भिंतीवरचा शिंगवाला घोडा

बी-३ काका: सर्वांना नमस्कार. पार्किंगच्या भिंतीवर रात्रीत गुलाबी घोडा कोणी काढला? डोक्यावर शिंग पण आहे. परवानगी कोणी दिली?

चिनूची आई: नमस्कार काका. रात्रीत नाही ओ, शनिवार-रविवार पोरं उन्हातान्हात रंगवत होती, तुम्ही तिथनंच गाडी काढलात की. घोडा नव्हे तो, युनिकॉर्न. रंगाचे पैसे आम्ही घातलेत, मेंटेनन्समधले नाहीत.

बी-३ काका: पैशाचा प्रश्नच नाही. परवानगी कोणी दिली?

सेक्रेटरी: मला तोंडी विचारलं होतं. मी बघू म्हटलं होतं.

बी-३ काका: बघू म्हणजे परवानगी नव्हे. माझ्या गॅलरीच्या पत्र्याला पण तुम्ही बघूच म्हटलेलात, अजून बघालाय.

टेरेसवाली अक्का: मोटर कोणी चालू ठेवलीय??? टाकी वाहालीय

ए-१ काकू: मला बाई खिडकी उघडल्या उघडल्या तेच दिसतंय. एकशिंगी जनावर दारासमोर, अपशकुन नव्हे काय? आणि दर वेळी माझ्याच खिडकीसमोर कसं ओ, वारली काढली तेव्हापण माझीच खिडकी. असो, मी काही बोलत नाही.

डी-४ दादा: आपल्याकडे काय जनावरं कमी पडलीत? घोडाच काढायचा तर महाराजांचा काढा, नंदी काढा. हे फॉरेनचं खूळ कशाला. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

मास्तर: दादा, तुम्ही फॉरेनचं म्हणताय खरं, तिकडची लोकं ते आपलं म्हणून सांगत आलीत. इसवीसनापूर्वी ४०० च्या आसपास क्टेसियस म्हणून ग्रीक वैद्य इराणच्या बादशहाच्या पदरी होता, त्यानं लिहून ठेवलंय की हिंदुस्थानात घोड्याएवढी रानगाढवं असतात, अंग पांढरं, डोकं गडद लाल, डोळे निळे आणि कपाळावर हातभर शिंग, बुडाला पांढरं, मध्ये काळं, टोकाला लालभडक. त्या शिंगाच्या पेल्यातनं प्यालं की विष बाधत नाही, फेफरं येत नाही. हा गडी स्वतः कधी इकडं आलाच नाही, सगळं ऐकीव. गेंड्याचं कुणीतरी सांगितलेलं असणार आणि ह्यानं त्यात गाढव मिसळलं.

पिंट्या: म्हणजे त्या काळचा फॉरवर्ड मेसेज 😂

मास्तर: तसंच की. आणि तो फॉरवर्ड दोन हजार वर्षं फिरला. गंमत म्हणजे ग्रीकांनी हे दैत्य-राक्षसांच्या गोष्टीत नाही घातलं, खऱ्या प्राण्यांच्या माहितीत घातलं, म्हणून शिकलेल्या लोकांनीसुद्धा विश्वास ठेवला.

बी-३ काका: माहिती छान आहे मास्तर. परवानगी कोणी दिली हे अजून समजलं नाही.

सी-२ अण्णा: नमस्कार ऑल. माझं मराठी थोडं असंच आहे, सांभाळून घ्या. आमच्या चिक्कमगळूरकडं शृंगेरीजवळ किग्गा म्हणून गाव आहे, तिथं ऋष्यशृंगेश्वराचं देऊळ आहे. त्या ऋषींना डोक्यावर शिंग होतं. पाऊस नसला की लोक तिथंच साकडं घालतात, जास्त झाला तरी तिथंच जातात. अपशकुन कसं होईल काकू?

पिंट्या: अण्णा, जुलैत एक गाडी काढूया किग्ग्याला, बेळगावचा पाऊस जरा कमी करा म्हणून सांगून येऊ

मास्तर: अण्णांनी बरोबर आठवण काढली. महाभारतात वनपर्वात ती गोष्ट आहे. अंगदेशात दुष्काळ पडला, लोमपाद राजानं गणिकेकरवी ह्या मुलाला रानातनं भुलवून आणलं, त्यानं कधी बाई बघितलीच नव्हती. तो नगरात आला आणि पाऊस पडला. आता युरोपची गोष्ट बघा, युनिकॉर्न कुठल्याच शिकाऱ्याला सापडत नाही, खरं कुमारिका रानात बसली की आपणहून येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि मग धरला जातो. मूळ एकच असणार असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.

ए-१ काकू: मास्तर, ग्रुपवर लहान पोरं आहेत. गणिका वगैरे नको.

डी-४ दादा: महाभारत आहे काकू ते, टीव्हीवर नव्हता बघत काय

ए-१ काकू: मी काय बघते ते तुमच्या मातोश्रींनी तुम्हाला सांगितलेलं दिसतंय. असो.

टेरेसवाली अक्का: मोटर!!!!

सेक्रेटरी: अक्का, वॉचमनला पाठवलंय.

बी-३ काका: मास्तर, तुम्ही इतकी बाजू घेताय म्हणजे रंगवायला तुम्ही पण होता असं ऐकतोय. ह्या वयात शिंगं मोडून वासरात?

मास्तर: मोडून कशाला, जोडून. शिंग मीच काढलंय, पोरांचा हात पुरेना. चिनूनं कंपासपेटी आणून समोर धरली, म्हणे आजोबा पीळ पाहिजे. मग चिकटपट्टी तिरकी गुंडाळत गेलो, वरनं सोनेरी मारला आणि पट्टी ओढली, पीळ तयार. एका ठिकाणी पट्टीबरोबर पोपडा निघालाय, तेवढं भरायचं राहिलंय.

चिनूची आई: मास्तरांचे उपकार आहेत ओ, नाहीतर गाजर झालं असतं

मास्तर: तो पीळ पण मोठा घोटाळा आहे बरं का. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात नारव्हाल म्हणून देवमाशाच्या जातीतला प्राणी आहे, त्याचा डावा सुळा ओठ फोडून पिळदार बाहेर येतो, अडीच-अडीच मीटर वाढतो. तिकडचे व्यापारी तो युनिकॉर्नचं शिंग म्हणून विकायचे आणि राजे लोक विषाच्या भीतीनं मागतील तो भाव द्यायचे. १६३८ साली ओले वोर्म नावाच्या डेन्मार्कच्या वैद्यानं कवटीसकट दाखवून दिलं की शिंग नव्हे, दात आहे. आणि त्याच डेन्मार्कच्या राजानं पुढं त्याच दातांचं सिंहासन करून घेतलं! कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग किल्ल्यात अजून आहे. खरं काय ते कळलं म्हणून माणूस सोडतो थोडंच.

डी-४ दादा: हे म्हणजे भंगारवाल्याकडनं पुरातन समई घेतल्यासारखं

ए-१ काकू: कुणाला बोलालाय?

डी-४ दादा: कुणाला नाही काकू, जनरल

बी-५ वहिनी: आमच्या लेकाच्या पासपोर्टवर पण आहे तो, सिंह एका बाजूला नि हा एका बाजूला. ब्रिटिश पासपोर्ट आहे ना त्याचा.

पिंट्या: वहिनी, ब्रिटिश आहे ते कळलं होतं आम्हाला, दिवाळीपासनं 🙏

मास्तर: तो स्कॉटलंडचा. १६०३ साली तिथला राजा इंग्लंडच्या गादीवर बसला तेव्हापासनं दोघं एकत्र उभे. युनिकॉर्नच्या गळ्यात साखळी असते, नीट बघा.

बी-३ काका: आपल्या भिंतीवरच्याला साखळी पण नाही. परवानगी पण नाही.

डी-४ दादा: मास्तर, आपलं म्हणताय तर पुरावा काय? एका ग्रीकाच्या गप्पा?

मास्तर: मोहेंजोदडो-हडप्पाचे शिक्के. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेलं जनावर एकशिंगीच आहे, वाघ-हत्ती त्याच्या मागं. काहीजण म्हणतात बैल बाजूनं काढलाय म्हणून एकच शिंग दिसतंय, खरं एक शिंगाच्या मातीच्या मूर्ती पण सापडल्यात, मग ते कसं? वरची लिपी वाचता आली असती तर भांडण मिटलं असतं. आणि दादा, मत्स्यावताराला पण शिंग होतं की, मनूनं नाव बांधली ती त्यालाच.

डी-४ दादा: बैल असेल तर माझी हरकत नाही. बेंदराला त्याला पण पोळी देऊ.

ए-१ काकू: मत्स्यावताराचं मला माहीत होतं. पण तो माझ्या खिडकीसमोर नव्हता.

मास्तर: एक मात्र माझं पोरांना सांगून झालं, पंख कशाला काढलात? पंखाचा घोडा वेगळा, युनिकॉर्नला पंख नसतात.

चिनूची आई: चिनू म्हणते, आजोबांना विचार तुम्ही बघितलाय काय

पिंट्या: 😂😂😂 मास्तर गार

सी-२ अण्णा: सूपर चिनू पुट्टी 👌

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, विषय इथं थांबवावा. मोटर बंद केली आहे. चित्राबद्दल रविवारी सकाळी १० ला मीटिंग घेऊ, बी-३ काकांच्या पत्र्याचा विषय पण त्यातच. चहा आणि कुंदा बी-३ कडे.

बी-३ काका: माझ्याकडे कशाला???

सेक्रेटरी: बघू म्हटलंय फक्त.