पत्रकारितेची शिष्यवृत्ती : फी भरली की जबाबदारी संपते का?

(चर्चापानावरील नोंदी; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

बाभूळबन

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून चालू आहे. त्यानंतर बासष्ट वर्षांनी, म्हणजे 2006 साली, योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतील 37 माध्यमसंस्थांमधील 315 निर्णयाधिकारी व्यक्तींची पाहणी केली, तेव्हा त्यांत दलित किंवा आदिवासी असा एकही जण आढळला नाही. ऑक्सफॅम इंडिया ही स्वयंसेवी संस्था आणि न्यूजलाँड्री हे वृत्तसंकेतस्थळ यांनी 2019 मध्ये केलेल्या पाहणीत वृत्तकक्षांमधील नेतृत्वाच्या 121 जागांपैकी 106 जागांवर उच्चवर्णीय होते आणि अनुसूचित जाती-जमातींचे पुन्हा कोणीच नव्हते. या पाहण्या मराठी वृत्तपत्रांच्या नाहीत, हे मान्य. पण आपल्याकडे चित्र फार वेगळे असेल, असे मराठी वृत्तपत्रांत काम केलेला कोणी छातीठोकपणे सांगेल असे वाटत नाही.

माझा मुद्दा असा की, शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला पदविकेपर्यंत नेते आणि तिथेच सोडून देते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात प्रवेश मिळवणारा मेळघाटातला किंवा किनवटचा मुलगा फीच्या सवलतीवर शिकू शकतो. परंतु अभ्यासक्रम संपताना जी दोन-तीन महिन्यांची उमेदवारी (इंटर्नशिप) करावी लागते ती बहुतेक ठिकाणी बिनपगारी असते, आणि मुंबईत खोलीची अनामत, खानावळ व लोकलचा पास यांचा खर्च कोणतीही फीमाफी भरून देत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठीच्या सरकारी स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये आहेत, पण ते शिकत असेपर्यंतच, आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा हप्ता कित्येकदा परीक्षा उरकल्यावर खात्यात पडतो. त्याच वेळी ज्याचा मामा किंवा वडिलांचा मित्र एखाद्या दैनिकात असतो, त्याची पहिली बातमी कोणीतरी शेजारी बसवून नीट करून घेतलेली असते. ही मदत कोणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून तिला कोणी वशिला म्हणत नाही.

यासाठी वृत्तपत्रसमूह, विश्वस्त निधी किंवा विद्यापीठ, जो कोणी शिष्यवृत्ती देईल त्याने फीबरोबर पहिल्या वर्षाच्या पगारी उमेदवारीची हमी द्यावी आणि एका ज्येष्ठ पत्रकाराची नावानिशी नेमणूक करावी, ज्याने त्या विद्यार्थ्याच्या बातम्या दर आठवड्याला वाचून त्यांतले काय कापले आणि का कापले हे समोर बसून सांगावे.

डेस्कवरचा

प्रस्तावामागचा हेतू चांगला आहे, पण मला तो मान्य नाही. मी डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पाने लावणाऱ्या विभागात, रात्रपाळी केलेली आहे. साडेदहानंतर जिल्ह्याच्या आवृत्त्यांची पाने एकामागून एक छपाईला सुटत असतात, त्या वेळी मुख्य उपसंपादक स्वतःचे जेवणही टेबलावरच उरकतो. अशा माणसाच्या गळ्यात मार्गदर्शनाची जबाबदारी अडकवली तर सहीपुरती बैठक होईल आणि अहवाल मात्र वेळेवर जाईल.

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. नावानिशी नेमलेला मार्गदर्शक म्हणजे नवा पालकच, आणि पालक आला की उपकाराची जाणीव ठेवणे आले. असा मुलगा पहिल्या दिवसापासून ‘शिष्यवृत्तीतून आलेला’ म्हणून ओळखला जातो. मग 14 एप्रिल आणि 6 डिसेंबर आले की चैत्यभूमीची बातमी त्याच्याकडे, समाजकल्याण खात्याचे पत्रक त्याच्याकडे. मंत्रालय, अर्थसंकल्प, न्यायालय आणि क्रिकेट मात्र इतरांकडे. पुढे राजकीय संपादक त्यांतूनच होतात ज्यांनी मंत्रालय पाहिले आहे. त्याला संवेदनशील मार्गदर्शकाची नव्हे, बीट, म्हणजे बातमीदारीचे स्वतःचे क्षेत्र, मिळण्याची गरज आहे.

माझा पर्याय साधा आहे. रिकाम्या जागांची जाहिरात द्यावी, लेखी परीक्षा घ्यावी आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला नाव, आडनाव व गाव दिसू नये. मराठी दैनिकांतल्या किती जागांची जाहिरात स्वतःच्याच अंकात छापून येते, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

पैलतीर

दोघेही मूळ दरी चुकीच्या जागी शोधत आहात, असे माझे मत आहे. आज खरा फरक शहर आणि गाव यांच्यातला आहे. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी, माणच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आणि गडचिरोलीचा आदिवासी विद्यार्थी यांच्या अडचणी सारख्याच आहेत. म्हणून निकष उत्पन्न आणि तालुका हा असावा. जातीच्या रकान्यावरून निवड केली की शहरातल्या अधिकाऱ्याचा मुलगा लाभ घेऊन जातो आणि गावातला गरीब, मग तो कोणत्याही जातीचा असो, हात चोळत बसतो.

बाभूळबन

पैलतीर, केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, त्यामुळे अधिकाऱ्याचा मुलगा तिच्या वाटेला जाऊच शकत नाही. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी राज्यात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे आणि तिची मर्यादा आठ लाखांची आहे. गरिबी सर्वांचीच खरी आहे. परंतु 315 पैकी शून्य हा आकडा केवळ गरिबीने तयार होत नाही, कारण गरिबीतून वर आलेले पुष्कळ संपादक आपल्याला ठाऊक आहेत.

तालुका वार्ताहर

मराठवाड्यातल्या एका तालुक्यातून लिहितो. इथली चर्चा मुंबई-पुण्याच्या वृत्तकक्षांभोवती फिरते आहे, पण मराठी पत्रकारितेतली बहुसंख्य माणसे तालुक्याला काम करतात आणि त्यांना पगारच नसतो. वार्ताहराला मिळते ते ओळखपत्र, किरकोळ मानधन आणि जाहिरातींवरचे कमिशन. स्वातंत्र्यदिन, दिवाळी, आमदारांचा वाढदिवस आणि अंकाचा वर्धापनदिन या निमित्ताने पुरवण्या निघतात आणि प्रत्येक पुरवणीसाठी ठरावीक रकमेच्या जाहिराती आणाव्या लागतात. त्या देणार कोण? साखर कारखान्याचा संचालक, बाजार समितीतला अडत्या, बांधकाम कंत्राटदार, कृषी सेवा केंद्राचा मालक.

आमच्याकडे पत्रकारितेची पदवी घेतलेला, अतिशय नेटके लिहिणारा एक तरुण परत आला. पाणंद रस्त्यावरून दलित वस्तीची वाट अडवल्याची बातमी त्याने कागदपत्रांसह दिली, आणि त्यानंतरच्या दिवाळी पुरवणीला त्याला शुभेच्छांची चौकट देखील कोणी दिली नाही. जिल्हा कार्यालयातून फोन आला, तो बातमीबद्दल नव्हता, जाहिरातींच्या उद्दिष्टाबद्दल होता. काही महिन्यांनी ते काम त्याच बाजारपेठेत भाऊबंद असलेल्या दुसऱ्या कोणाकडे गेले. इथे ना त्याची पदवी कमी पडली ना लेखन. जात कोणी तोंडाने उच्चारली नाही, जाहिरात विभागाच्या तक्त्याने ती परस्पर पाहून घेतली. बाभूळबन यांचा मार्गदर्शक आणि डेस्कवरचा यांची नावे झाकलेली परीक्षा, दोन्ही इथे निरुपयोगी आहेत. वार्ताहराला ठरलेले वेतन द्या आणि जाहिरातीचे काम त्याच्याकडून काढून घ्या, मग शिष्यवृत्तीचे बोलू.

कोरा कागद

वरच्या प्रतिसादातून जे दिसते त्यावरून माझा निष्कर्ष असा की, या संस्थांच्या दारात उभे राहण्यासाठी मुले घडवणेच थांबवावे. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले ते शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या आधारावर. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. बुंदेलखंडात 2002 पासून ‘खबर लहरिया’ हे वृत्तमाध्यम गावातल्या स्त्रिया, ज्यांत दलित स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, स्वतः चालवतात. मीना कोतवाल यांनी 2021 मध्ये ‘द मूकनायक’ हे वृत्तसंकेतस्थळ उभे केले. दहा विद्यार्थ्यांना दहा दैनिकांत उमेदवारीला पाठवण्याऐवजी त्याच पैशातून एक लहान वृत्तसंस्था तीन वर्षे चालवावी, म्हणजे त्यांना शिकायलाही मिळेल आणि संपादकही तेच असतील.

बाभूळबन

कोरा कागद, बाबासाहेबांचेच पुढचे पाक्षिक ‘बहिष्कृत भारत’ 1929 मध्ये आर्थिक अडचणीमुळेच बंद पडले आणि बाबासाहेबांना त्यातला बराचसा मजकूर एकहाती लिहावा लागत होता, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. स्वतःचे माध्यम हवेच. पण ज्या दैनिकांच्या पहिल्या पानावरून जिल्हाधिकारी सकाळी माहिती मागवतात, ती पाने कायमची इतरांकडे सोडून देणे मला परवडणारे वाटत नाही. चेन्नईचे एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम काही दलित व आदिवासी विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्काबरोबर राहण्या-जेवणाचा खर्चही देते; हा नमुना मराठीत का नसावा, हा माझा प्रश्न अजून शिल्लक आहे.

तालुका वार्ताहर यांचा मुद्दा मी प्रस्तावात घेतो : उमेदवारीच्या वर्षात जाहिरातीचे कोणतेही उद्दिष्ट लावता येणार नाही, अशी लेखी अट हवी. डेस्कवरचा यांनी दाखवलेला उपकाराचा धोकाही खरा आहे, म्हणून मार्गदर्शक त्या दैनिकाबाहेरचा असावा. निवृत्त पत्रकार किंवा दुसऱ्या संस्थेतला. त्याला त्या मुलाकडून काही नको असेल आणि मुलालाही त्याचे मिंधे राहावे लागणार नाही.

डेस्कवरचा

बाहेरचा माणूस नेमल्याने मिंधेपणा जाईल, हे मान्य. पण त्याबरोबर त्याचे वजनही जाईल. उमेदवारीच्या वर्षात बीट कोणते द्यायचे हे वृत्तसंपादक ठरवतो, आणि वर्ष संपल्यावर कोणाला कायम करायचे हे संपादक व मनुष्यबळ विभाग बंद दाराआड ठरवतात. त्या बैठकीत हा मार्गदर्शक बसणार नसेल आणि नकाराचे कारण लेखी मागण्याचा अधिकारही त्याला नसेल, तर तो मुलगा वर्षभर छान लिहायला शिकून चौदाव्या महिन्यात पुन्हा नोकरी शोधत असेल. तुमच्या प्रस्तावात त्या बैठकीबद्दल अजून एक ओळही नाही.