'कार्यकारी कार्ये' नको, मग काय?

सात रस्ता: बालवाडीच्या पालकसभेसाठी एक पत्रक मराठीत करतेय. विषय, मुलांची 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स' घरात कशी घडतात. सांगितलेलं डोक्यात धरणं, मनाला आवर घालणं, बेत फसला की दुसरी वाट काढणं. पुस्तकी शब्द 'कार्यकारी कार्ये'. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईने विचारलं, "हे पाणीपुरवठ्याच्या साहेबांचं आहे का?" खरंय, कार्यकारी म्हटलं की पुढे अभियंताच येतो. मला 'व्यवधान' सुचतोय. आई विडी वळता वळता म्हणायची, "अभ्यास कर, पण दुधाकडे व्यवधान ठेव." सहकारी म्हणतात, व्यवधान म्हणजे अडथळा!

धोटा: तो हिंदीतला अर्थ. 'घरची व्यवधानं सांभाळून' म्हणताना आपण अडथळे सांभाळतो का?

शुद्धमती: हिंदी नव्हे, संस्कृतच. वि-अव-धा, मधला आडपडदा. घसरलेला अर्थ छापू नका. 'कार्यकारी' रुळेल. 'महापौर'ही सावरकरांनी घडवलेला, आज कुणाला खटकतो?

धोटा: तो पेपरात रोज वाचून रुळला. हे पत्रक ती बाई एकदाच वाचणार.

निगुती: शब्द राहू द्या, आधी आशय नीट उतरवा. माझा नातू साडेतीन वर्षांचा, शर्टाचं बटण भलत्याच काजात घालतो. सून लावून देत नाही. सगळ्यात खालचं काज तेवढं बोटाने ताणून धरते आणि थांबते. आठवड्याने बोटही काढलं. १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला, तेव्हा अशाच मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. बर्निए, कार्लसन, व्हिपल यांच्या २०१० च्या अभ्यासातही, मुलाच्या कलाने आधार देऊन त्याचं त्याला करू देणाऱ्या आयांच्या मुलांत ही कौशल्यं अधिक दिसली. हे पत्रकात आलंच पाहिजे. घाईच्या घरात आपण बटणं लावून मोकळे होतो.

सात रस्ता: काजाचं उदाहरण घेते. पण मथळा?

जोडभावी: आमच्या घरी कानडी. 'केळुव व्यवधान इल्ल' म्हणजे ऐकून घ्यायची सवड नाही, धीर नाही. मनाला आवर घालण्याच्या किती जवळ आहे बघा की!

शुद्धमती: धीर म्हणजे मधे सोडलेलं अंतरच. मूळ अर्थ तोच निघाला.

धोटा: मग दुधाकडे काय ठेवायचं? अंतर?

शुद्धमती: अवधान.

साखर पेठ: आम्ही तेलुगू. आमच्यात अष्टावधान असतं. आठ जण चहूकडून विचारतात, अवधानी, म्हणजे उत्तर देणारा कवी, पद्य रचतो. एक जण मधेच घंटा वाजवतो, ते टोले मोजायचे. एक जण मुद्दाम भलत्याच गप्पा काढतो, त्याला उत्तर देऊनही पद्याचा धागा सोडायचा नाही. आणि एक जण पुढचं अक्षरच अडवतो, की ऐन वेळी दुसरा शब्द शोधा. डोक्यात धरणं, आवर, दुसरी वाट, तिन्ही आलं की.

निगुती: अक्षर अडवणाऱ्या त्या प्रकाराला काय म्हणतात?

साखर पेठ: निषिद्धाक्षरी.