मदत हवी आहे: स्लॅशर गवत कापण्याऐवजी लोळवतो आणि शिअर बोल्ट वारंवार तुटतो

संत्राबाग_मोर्शी:
नमस्कार. संत्र्याच्या बागेतील पावसाळी गवत काढण्यासाठी यंदा ट्रॅक्टरमागे लावायचा रोटरी स्लॅशर घेतला आहे. गवत नीट कापले जात नाही, अर्धे चाकाखाली लोळते आणि अर्ध्याचे चेचलेले बुडखे तसेच उभे राहतात. यंत्र जोराने थरथरते आणि शिअर बोल्ट सारखा तुटतो. विक्रेत्याचे उत्तर एवढेच की, चालवत राहा, आपोआप बसेल. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर आलेल्या फुलोऱ्याची) फळे झाडावर आहेत आणि फवारणीसाठी आत शिरणे कठीण झाले आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे की पाती बदलावीत की यंत्रच परत करावे.

वर्कशॉपवाला:
एवढ्या माहितीवरून पातींना दोष देता येणार नाही. ट्रॅक्टर किती एचपीचा आहे, स्लॅशर किती फुटी आहे, गवत किती वाढले आहे, इंजिन किती आरपीएमवर ठेवता आणि पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या टोकाची, म्हणजे पीटीओची, ताकद यंत्राला देणारा दांडा) यंत्रासोबत आलेला आहे की दुसरा, हे आधी सांगावे. थरथर यंत्र जमिनीवर टेकलेले असताना होते की उचलल्यावर, हेही कळले पाहिजे.

गोदाकाठ:
आमच्याकडेही बोल्ट असाच तुटत होता. आम्ही बाजारातून सर्वांत कडक बोल्ट आणून बसवला आणि त्यानंतर तो तुटलेला नाही. साधा उपाय आहे, उगाच काथ्याकूट कशाला?

वर्कशॉपवाला:
गोदाकाठ, आपला सल्ला कृपया कोणी अमलात आणू नये. शिअर बोल्ट तुटण्यासाठीच बसवलेला असतो. पाते दगडावर किंवा बुंध्यावर आदळले की तो तुटतो आणि धक्का गिअरबॉक्सपर्यंत जात नाही. तो तुटलाच नाही तर शाफ्टच्या सांध्यातील क्रॉस, गिअरबॉक्सचे दात किंवा ट्रॅक्टरचा पीटीओ यांपैकी काहीतरी तुटेल. बोल्ट यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच वापरावा.

संत्राबाग_मोर्शी:
ट्रॅक्टरमध्ये काही दोष नाही, त्यावर रोटाव्हेटर व्यवस्थित चालतो. 27 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे आणि स्लॅशर 5 फुटी आहे. शाफ्ट रोटाव्हेटरचाच लावला आहे, कारण तो व्यवस्थित बसतो. गवत मांडीपर्यंत आहे, त्यात गाजरगवत आणि कुंदा दोन्ही आहेत. डिझेल वाचावे म्हणून आमचा चालक इंजिन हळू ठेवून गिअर वरचा टाकतो. उचलल्यावर थरथर वाढते.

हिरवळ:
मुळात गवत कापायचेच कशाला? एकदा तणनाशक मारले की हंगामभर बघायला नको.

बांधावरून:
हिरवळ, प्रश्न स्लॅशरचा आहे. शिवाय ग्लायफोसेटचा वापर फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच व्हावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये काढली होती, त्यामुळे 'एकदा मारले की झाले' इतके ते सोपे राहिलेले नाही. संत्र्याची अन्न घेणारी मुळे वरच्या थरात असतात, म्हणून वखर किंवा रोटाव्हेटर फिरवून ती तोडण्यापेक्षा गवत वरून कापणे मला पटते. कापलेले गवत मात्र खोडाला चिकटून ठेवू नये, त्या ओलाव्यात डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) बळावतो. पावसाळ्यापूर्वी खोडाला बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचे) लावले होते का?

संत्राबाग_मोर्शी:
मलम लावले होते. कृपया स्लॅशरविषयी बोलावे.

वर्कशॉपवाला:
आता चित्र बरेच स्पष्ट झाले. रोटाव्हेटरची पाती माती फोडतात, त्यामुळे वेग थोडा कमी पडला तरी काम होते. स्लॅशरची पाती बोल्टवर सैल लटकलेली असतात आणि केवळ फिरण्याच्या वेगाने बाहेर ताणली जातात. पीटीओ 540 फेऱ्यांवर नसेल तर पाते गवताला लागताच मागे दुमडते, आणि चेचलेले बुडखे उभे राहतात ते त्यामुळेच. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या मीटरवर 540 ची खूण असते. इंजिन त्या खुणेवर स्थिर ठेवावे आणि चालण्याचा वेग खालच्या गिअरने कमी करावा, ॲक्सिलरेटरने नव्हे. आपला चालक नेमके याच्या उलट करतो.

दुसरी गोष्ट ताकदीची. जाड गवतात स्लॅशरला दर फुटामागे पीटीओवर साधारण 4 ते 5 एचपी लागते. 27 एचपीच्या इंजिनाची सगळी ताकद पीटीओला मिळत नाही, म्हणून 5 फुटी यंत्र तुमच्यासाठी काठावरचे आहे. मांडीएवढे गवत पहिल्या फेरीत उंचावरून आणि शक्यतो अर्ध्या रुंदीने कापावे, मग दुसऱ्या फेरीत 3 ते 4 इंचांवर आणावे. त्याहून खाली गेल्यास पाती माती आणि दगड खातात. टॉप लिंक (यंत्राला ट्रॅक्टरशी वरून जोडणारा दांडा) अशी जुळवावी की सपाट जागेवर यंत्राची पुढची कड मागच्या कडेपेक्षा अर्धा ते एक इंच खाली राहील. मागची कड खाली असेल तर तेच गवत पुन्हा पुन्हा कापले जाते आणि ताकद वाया जाते.

गोदाकाठ:
आरपीएम वाढवून डिझेल जाळायचे, हा सल्ला देणाऱ्याचे बिल भरायचे नसते.

वर्कशॉपवाला:
अर्धवट कापलेल्या बागेत पुन्हा ट्रॅक्टर घालण्याचे डिझेल कोण भरतो?

थरथर उचलल्यावर वाढते, त्यामुळे मला शाफ्टचाच संशय आहे. शाफ्ट चौकोनी असेल तर दोन भाग वेगळे करून पुन्हा जोडताना पाव फेरीने चुकू शकतात. दोन्ही टोकांचे काटे (सांध्यातील दुहेरी फाटे) एकाच पातळीत आहेत का ते पाहावे, नसल्यास थरथर थांबणार नाही. लांबीही तपासावी. यंत्र वर-खाली केल्यावर एक भाग दुसऱ्यात पूर्ण रुतून टेकत असेल, तर तो पीटीओला आतून ठोकत असतो. फार लांबवर सरकून दोन भागांची पकड कमी राहणेही तितकेच धोक्याचे आहे. यंत्राचा स्वतःचा शाफ्ट घ्यावा, हे उत्तम. पाती झिजली असतील तर जोडीनेच बदलावीत, कारण एक जड आणि एक हलके झाले तरी हीच थरथर होते.

बोल्ट तुटण्यामागे आणखी एक सवय असू शकते. पीटीओ इंजिन हळू असताना जोडावा आणि मग वेग वाढवावा. पूर्ण वेगात एकदम जोडल्यास गवत नसतानाही बोल्ट तुटतो.

बांधावरून:
वळणावर रोटाव्हेटर चालू ठेवूनच उचलण्याची सवय असते. स्लॅशरला ती करू नये, आधी पीटीओ बंद करावा. 4 फूट व्यासाच्या घेऱ्यात पाती मिनिटाला 1000 फेऱ्या घेत असतील, तर टोकाचा वेग ताशी 220 किलोमीटरच्या पुढे जातो. अशा वेगाने उडालेला दगड 100 मीटरवरच्या माणसालाही लागू शकतो. गळलेली फळे वेचणाऱ्या बायांना त्या वेळी बागेबाहेरच ठेवावे. उडणारे दगड अडवणाऱ्या कडेच्या साखळ्या गवतात अडकतात म्हणून काही जण काढून टाकतात, तसे करू नये. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरणही जागेवर हवे, कारण 540 म्हणजे सेकंदाला 9 फेऱ्या. दुपट्ट्याचे टोक त्यात गेले तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

संत्राबाग_मोर्शी:
शाफ्ट चौकोनीच आहे आणि काटे खरोखरच आडवे-उभे होते. ते सरळ करून 540 च्या खुणेवर चालवले, थरथर बरीच कमी झाली आणि गवतही कापले जाते. पण आता खालून तेल गळताना दिसते. गिअरबॉक्स फुटला का?

वर्कशॉपवाला:
ठिबकच्या नळ्या झाडाजवळून उचलून ठेवल्या होत्या का?

संत्राबाग_मोर्शी:
दोन ओळींत राहून गेल्या. लॅटरलचा (ठिबकच्या नळीचा) एक तुकडा सापडत नाही.

वर्कशॉपवाला:
मग तो पात्यांच्या वरच्या बाजूला मधल्या दांड्याभोवती गुंडाळलेला असेल. तिथे नळी किंवा सुतळी आवळली की ऑइल सील कापले जाते. पीटीओ बंद करावा, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवावी आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये. हायड्रॉलिकच्या भरवशावर यंत्राखाली हात घालू नये, दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावावेत. नळी चाकूने कापून काढल्यावर फक्त सील गेले असेल तर ते बदलता येते. तोवर गिअर ऑइलची पातळी पाहिल्याशिवाय यंत्र चालवू नये.

गोदाकाठ:
सील कोणत्या मापाचे लागते, हे जुने काढल्यावर त्यावर छापलेले असते. तेवढे मी नक्की सांगू शकतो.