गाडी चालूच होईना, मिस्त्री म्हणतो इंजिन खोला. काय करावं?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी शंभर सीसीची, 2011 ची, कार्ब्युरेटरवाली, सेल्फ नाही, नुसती किक. मी जिंतूर तालुक्यातला. घर गावात, म्हशी शेतातल्या आखाड्यावर. सकाळी साडेसहाच्या आत दूध डेअरीला गेलं नाही तर ते घरीच आटवत बसावं लागतं, म्हणून जरा घाईत लिहितोय.

तीन दिवस झड लागली होती. गाडी आखाड्यावर लिंबाखाली उभी. बुधवारी सकाळी निघालो, बोरीच्या अलीकडं धक्के खायला लागली, रिझर्व्हला लावली, पन्नास पावलं गेली आणि बंद. तिथून टोचन लावून घरी आणली. किक मारून मारून पोटरीला गोळे आलेत. दुसऱ्या गियरात टाकून भाच्याला ढकलायला लावलं, एकदा फट्‌ करून गप्प.

नवीन प्लग टाकला. जुना काढून हेडला टेकवून पाहिला होता, ठिणगी निळी पडते. दोनशेचं पेट्रोल टाकलं, चोक ओढला, एअर फिल्टर झटकला. प्लग दर वेळी ओलाच निघतो.

मिस्त्र्यानं दोन किका मारल्या आणि सांगितलं, "दम राहिला नाही, बोअर-पिस्टन करावं लागंल, सहा-सात हजार धरा." सोयाबीन अजून रानात आहे, हातात पैसा नाही. गाडी धूर मारत नव्हती, ऑइलही खात नव्हती. अचानक बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं) जातं का?

नांदेडकर:
आधी हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण बघा. हसू नका, मी लग्नाच्या कपड्यांत अर्धा तास किका मारल्यात.

धागाकर्ता:
आमच्या गाडीला ते बटणच नाही, भाऊ. आणि ठिणगी पडतेय.

केजकर:
बाप्पा, इंजिन अजिबात खोलू देऊ नका. बोअर झिजत झिजत जातं, आधी धूर, मग ऑइल, मग ओढ कमी. एका रात्रीत जात नाही. घरच्या घरी बघा: प्लग काढा, भोकावर अंगठा घट्ट दाबा, दुसऱ्याला किक मारायला सांगा. अंगठा उडवून लावला तर कामापुरता दम आहे. प्लगची टोपी लांब बांधून ठेवा, भोकातून पेट्रोलची वाफ येते.

सेलूकर:
तुम्ही रिझर्व्हचं जाता जाता लिहिलंत, मला वाटतं सगळं तिथंच आहे. पेट्रोल कॉकला, म्हणजे टाकीखालच्या ऑन-रिझर्व्हच्या चावीला, टाकीच्या आत दोन तोंडं असतात. 'ऑन'चं तोंड उभ्या नळीच्या वरच्या टोकाला, रिझर्व्हचं अगदी तळाशी. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसतं. 'ऑन'वर असेपर्यंत कळत नाही, रिझर्व्हला लावलं की पहिल्यांदा पाणीच कार्ब्युरेटरमध्ये उतरतं. वरून दोनशेचं टाकलंत तरी खालचं पाणी खालीच राहिलं.

प्लग ओला म्हणता, पण कशानं ओला? तळहातावर टिपून बघा. पेट्रोल असेल तर गार लागून क्षणात उडतं. पाणी असेल तर थेंब तसाच राहतो.

मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू दोन आटे सैल करून निघेल ते काचेच्या ग्लासात धरा. जवळ विडी-काडी नको.

धागाकर्ता:
अंगठा उडाला! दोनदा करून पाहिलं. आणि तळहातावरचा थेंब तसाच बसून राहिला, वासही नाममात्र. ग्लासात वर नारंगी पेट्रोल, खाली बोटभर गढूळ पाणी. मध्ये रेघ मारल्यासारखी. आईनं तो ग्लास आता चुलीपासून लांब, गोठ्यात ठेवायला लावलाय.

वाटी रिकामी केली, कॉकची नळी काढून टाकीतलं खालचं लिटरभर डब्यात सोडलं, स्वच्छ यायला लागल्यावर नळी जोडली. सातव्या किकला चालू. दूध वेळेत गेलं. सगळ्यांचे आभार.

सेलूकर:
आभार नंतर. पाणी आलं कुठून ते शोधा, नाहीतर पुढच्या झडीला हाच धागा वर येईल.

धागाकर्ता (चार दिवसांनी):
तुमच्या तोंडात साखर पडायला नको होती. काल रात्री पाऊस, आज पुन्हा बंद, वाटीत पुन्हा पाणी. पंपावरचंच पेट्रोल खराब असेल का?

केजकर:
त्याच पंपावर गावातल्या बाकीच्या गाड्या भरतात ना? त्या चालू आहेत की नाही ते विचारा.

सेलूकर:
आणि गाडी पाऊस पडल्यावर बंद पडते, पेट्रोल भरल्यावर नाही. टाकीचं झाकण उघडा. झाकणाभोवती खळगा असतो, त्यात एक बारीक भोक. पावसाचं पाणी त्या भोकातून टाकीच्या पोटातल्या नळीनं खाली जमिनीवर गळतं. ती नळी तुंबली की खळग्यात पाणी साचतं आणि झाकणाच्या जुन्या रबरातून टाकीत उतरतं. झाकण लावून खळग्यात दोन चमचे पाणी टाका, खाली गळतंय का बघा.

इथेनॉलचंही एक आहे. आताच्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत असतं. ते थोडं पाणी पोटात घेतं, पण पाणी जास्त झालं की पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. म्हणून आत गेलं त्यापेक्षा खाली जास्त निघतं, घाबरू नका. या वेळी टाकी पूर्ण रिकामी करा.

धागाकर्ता:
सापडलं! दोन चमचे टाकले, खाली थेंब नाही. नळीच्या खालच्या तोंडाला मातीचं बूच. क्लचच्या जुन्या तारेनं कोरलं तर आत तीन हिरव्या अळ्या, जिवंत पण निपचित. कुंभारीण माशी! माझ्या टाकीच्या नळीत घर केलं आणि पिलांसाठी शिधा भरून ठेवला. अळ्या बहुतेक माझ्याच सोयाबीनवरच्या, तेवढी फवारणी वाचली म्हणायचं.

नळी फुंकून मोकळी केली, झाकणाचं रबर बदललं. टाकी धुऊन नवीन पेट्रोल. काल रात्री पुन्हा झोडपलं, मुद्दाम गाडी उघड्यावर ठेवली होती. सकाळी दुसऱ्या किकला चालू.

नांदेडकर:
मिस्त्र्याला जाऊन सांगितलं का?

धागाकर्ता:
नाही सांगितलं. चेन-स्प्रॉकेट त्याच्याकडूनच टाकायचंय, उधारीवर.